‘आपल्याला काय हुतंय?’

‘ह्या श्रद्धांनी कुणाचं काय वाईट केलंय?’ हा प्रश्न कोल्हापूर भागात इतक्या ठसक्यात विचारला जातो की उत्तर द्यायला तोंड उघडणाराच आगाऊ ठरतो. दंडातला ताईत, पायातला काळा दोरा, मोटारसायकलच्या हँडलला लोंबणारं लिंबू, बिब्बा, निखाऱ्यावरून चालूनही न भाजलेले तळवे, मंत्राने उतरलेलं विष. पूर्वी या गोष्टी खऱ्या आहेत असं सांगितलं जायचं. आता शिकलेली मंडळी तसं म्हणत नाहीत. ती म्हणतात, खरं-खोटं बाजूला ठेवा. माणसाला धीर येतो, कुणाचं नुकसान होत नाही आणि शिवाय ही आपली परंपरा आहे. हा युक्तिवाद जुन्या भाबडेपणापेक्षा हुशार आहे. म्हणून उत्तर त्यालाच द्यायला हवं.

उचगावचंच उदाहरण घेऊ. शहराला चिकटलेलं आणि तरी शहरात जायला, म्हणजे हद्दवाढीला, वर्षानुवर्षं नकार देत आलेलं हे गाव. पुणे-बंगळूर महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. तावडे हॉटेलच्या चौकात बाहेरगावची वाहनं आणि गावची दुचाकी एकमेकांना घासून वळतात. एका बाजूला गांधीनगरची कापडपेठ, थोड्या अंतरावर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, त्यांतल्या फौंड्र्या, आणि गावाभोवती अजून शिल्लक असलेला ऊस. म्हणजे इथल्या माणसाच्या शरीराला धोका तीन ठिकाणांहून आहे: चाकाखालून, भट्टीतून आणि सरीतून. या तिन्हींवर इथलं उत्तर एकच, ‘आपल्याला काय हुतंय?’ मला ते उत्तर रांगडं वाटत नाही. ते टाळाटाळीचं वाटतं.

आधी निखाऱ्यांचा पुरावा पाहू, कारण तो सगळ्यांत जोरात मांडला जातो. मोहरमात आपल्याकडे पंजे बसतात, हिंदू घरांतले नवसही त्यांना फेडले जातात. ही कोल्हापूरची फार देखणी गोष्ट आहे आणि तिला धक्का लावायची माझी इच्छा नाही. खाईच्या निखाऱ्यावरून माणसं चालतात आणि बहुतेकांचे पाय शाबूत राहतात, हेही खरं. पण ते शाबूत का राहतात? लाकडी कोळसा तापलेला असला तरी उष्णता फार हळू सोडतो, त्यावरची राख ती आणखी अडवते आणि पाऊल सेकंदभरही टेकत नाही. चार-सहा पावलांत माणूस पलीकडे पोचतो. १९३५ साली इंग्लंडमध्ये कार्शल्टनला काश्मीरकडचा कुदाबक्ष डॉक्टर आणि शास्त्रज्ञांसमोर असाच चालून दाखवत होता. पुढे दोन वर्षांनी कसलीही सिद्धी, उपास वा नवस नसलेले हौशी इंग्रजही तशाच चरातून चालून गेले.

पण एवढ्या लांब जायची गरज नाही. शिरोलीच्या फौंड्रीत ओतकाम करणाऱ्या कुठल्याही कामगाराला विचारा. लाडलमधलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्याचा एक थेंब बुटात गेला तर काय होतं ते त्याला ठाऊक असतं. तोच माणूस मोहरमात खाईवरून चालत असेल, पण साच्याच्या तोंडाशी तो अनवाणी उभा राहणार नाही, आणि कुणी त्याला ‘श्रद्धा कमी पडली का?’ असं विचारणारही नाही. त्याच्या हातांना आणि पायांना कोळसा आणि धातू यांतला फरक कळतो. ही अक्कल त्याच्या अंगात आहे. परंपरेच्या नावाने आपण तीच त्याच्याकडून काढून घेऊ पाहतो.

आता ‘नुकसान होत नाही’ या दाव्याकडे वळू. खाईत ज्याचे पाय भाजतात त्याच्याबद्दल गाव काय बोलतं, ते ऐकलंय? ‘उपास मोडला असंल.’ ‘पथ्य पाळलं न्हाई.’ ‘मनात कायतरी व्हतं त्येच्या.’ खरं नुकसान इथे होतं. शरीर अभेद्य असतं ही श्रद्धा कधीच खोटी ठरू नये अशी तिची बांधणी असते. पाय भाजले नाहीत तर देवाचं सामर्थ्य, भाजले तर माणसाचं पाप. फोड येतो आणि वर आरोपही येतो. ज्या श्रद्धेत जखमी माणूसच गुन्हेगार ठरतो तिला निरुपद्रवी म्हणायला जखमी न झालेलाच माणूस लागतो.

हाच डाव मोठ्या मैदानावर काय करतो याची उदाहरणं इतिहासात आहेत. जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, १९०५ साली सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध उठाव झाला. किंजिकिटिले नावाच्या भविष्यवेत्त्याने एक मंतरलेलं पाणी दिलं. ते घेतलं की जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल, असा विश्वास होता. पाण्याबरोबर पथ्यं होती, स्त्रीसंगाचं आणि लुटीचं. माहेंगेच्या ठाण्यावर हजारो माणसं मशीनगनसमोर सरळ चालून गेली. उठाव १९०७ पर्यंत चालला. जर्मनांनी शेतं आणि कोठारं जाळून जो दुष्काळ पाडला तो धरून मृतांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. आपल्याकडे छोटा नागपूरच्या मुंडांच्या उलगुलानातही, शत्रूच्या गोळ्यांचं पाणी होईल असा विश्वास उठावाचे नेते बिरसा मुंडा यांच्या अनुयायांत होता. जानेवारी १९०० मध्ये सैल रकाबच्या डोंगरावर गोळीबार झाला, तेव्हा माणसं पडली.

इथे एक गंभीर हरकत येते आणि ती मी टाळणार नाही. ज्याच्याकडे तोफ नाही, बंदूक नाही, त्याला निदान हा विश्वास तरी होता. त्याच्याशिवाय तो उभाच राहिला नसता. मला हे अर्धं पटतं. वेगवेगळ्या टोळ्यांना एका झेंड्याखाली आणायला त्या पाण्याचा उपयोग झाला असेल. पण उठावाचं कारण ते पाणी नव्हतं, कारण होता कापूस, मुंडांच्या बाबतीत हिसकावलेली जमीन. राग खरा होता आणि तो पाण्याशिवायही उसळला असता. पाण्याने एक केलं: मशीनगनसमोर सरळ चालून जाऊ नये, आडोशाने लढावं, ही साधी शहाणीव त्यांच्याकडून काढून घेतली. माहेंगेनंतर जे वाचले ते गनिमी काव्याकडे वळले. म्हणजे जो धीर कामाला आला, तो आपल्या अंगाला गोळी लागते हे कळल्यानंतरचा.

‘परंपरा’ या शब्दाचा हिशेब मात्र सविस्तर करायला हवा. कारण अभेद्य देहाच्या गोष्टी आपल्या आहेत हे खरं, पण त्या गोष्टी सांगतात काय, ते सांगणाऱ्यांनी अर्धंच सांगितलंय.

हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ अल्लमप्रभूंचा डोंगर आहे. आपल्या भागात वारकरी, नाथपंथी आणि लिंगायत या तिन्ही वाटा एकमेकींना ओलांडतात, त्यातली ही एक खूण. अल्लमप्रभू आणि गोरखनाथ यांच्या भेटीची कथा कन्नड शिवशरण परंपरेत प्रसिद्ध आहे. गोरखनाथाने योगाने देह वज्रासारखा केला होता. त्याने अल्लमांना आव्हान दिलं, घाला तलवार. अल्लमांनी घातली. खणकन आवाज झाला, गोरखाचा केसही वाकडा झाला नाही. अल्लम हसले, म्हणाले, आवाज झाला म्हणजे आत अजून काहीतरी अडवणारं आहे. मग गोरखाने अल्लमांवर तलवार चालवली आणि ती हवेतून जावी तशी आरपार गेली. या कथेत हरतो कोण? ज्याला काही होत नाही तोच. देह कठीण करून घेणं ही सिद्धी मानणाऱ्या साधकाला ती कथा जागेवर बसवते. आणि याच गोरखनाथांच्या नावाने बत्तीस शिराळ्यात नाग चावत नाही, असं आपण सांगतो!

दुसरं उदाहरण प्रत्येक तालमीत शेंदूर लावून उभं आहे. मारुतीला आपण वज्रदेही म्हणतो. पण कथेतल्या लहानग्या मारुतीला इंद्राचं वज्र लागलं, त्याची हनुवटी मोडली, तो मूर्च्छित पडला आणि वायू रागावून थांबला तेव्हा सगळ्या जगाचा श्वास कोंडला. आपला सगळ्यांत बलवान देव मार खाल्लेला आहे. महाभारत पाहिलं तर दुर्योधनाची मांडी, कर्णाची कवचकुंडलं, एकही अभेद्य शरीर असं नाही ज्यात कथेने फट ठेवलेली नाही. ती फट काढून टाकून उरलेला पोलादी पुतळा पूजणारे लोक परंपरेचे रक्षक कसे, हे मला अजून समजलेलं नाही. कर्ण आपल्याला कवच अंगावर असतो तोवर आवडतो की ते सोलून दिल्यावर? उत्तर कुणालाही ठाऊक आहे.

आणि तालीम. कोल्हापूरच्या पैलवानाला लोखंडी म्हणणारे लोक बहुधा गॅलरीतून कुस्ती पाहतात. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून तिथे किती पैलवान पडले आणि किती उठले याचा हिशेब कुणाकडे नसेल, पण त्यांचा एकही वस्ताद पोराला ‘तुला काय हुतंय’ असं शिकवत नव्हता. तालमीतली पहिली गोष्ट म्हणजे हौद उकरणं. माती घट्ट झाली तर खांदा निखळतो, म्हणून ती रोज मऊ करायची. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालायचं, कारण अंग खरचटणार हे गृहीत असतं. मग मानेचा व्यायाम, कारण मोळी किंवा ढाक बसली तर आधी मान जाते. मग पडायला शिकायचं. पैलवानाचे मोडलेले, गाठ झालेले कान हा त्याच्या अभेद्यतेचा दाखला नाही. तिथे रक्त साकळलं होतं आणि तरी तो दुसऱ्या दिवशी हौदात उतरला, एवढंच ते कान सांगतात. आपलं शरीर नेमकं कुठे मोडतं हे गावात सगळ्यांत नीट कुणाला माहीत असेल, तर पैलवानाला. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणारे शेजारच्या सातारचे नरेंद्र दाभोलकर कबड्डीचे नावाजलेले खेळाडू होते, हे त्यांना ‘पुस्तकी’ म्हणणारे सोयीस्कर विसरतात.

इथवर आल्यावर नेसरी निघतेच. गडहिंग्लज तालुक्यातली नेसरीची खिंड, फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार. ‘त्यांनी हेल्मेट घातलं होतं का?’ असं मला गमतीने विचारणारे भेटतात. मी मात्र त्या प्रश्नाला गमतीने घेत नाही. त्या सात जणांना आपण मरणार हे माहीत होतं, म्हणून तर आपण साडेतीनशे वर्षं त्यांची नावं घेतो. त्यांच्या अंगाला तलवार लागत नसती, तर खिंडीत शिरण्यात शौर्य कुठलं? १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभू जखमांनी चाळण होऊन उभे राहिले. त्यांच्या जखमा पुसल्या तर बाजीप्रभूही पुसले जातात. शौर्याचं भांडवल आहे मोडणारं शरीर. ‘आपल्याला काय हुतंय’ म्हणणारा माणूस त्या भांडवलावर फुकट व्याज खायला बसलेला असतो.

आणि शिवाजी महाराज? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला जाताना त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घातलं होतं. भवानीवर त्यांची श्रद्धा होती, याबद्दल कुणी शंका घेणार नाही. खानाचा वार चिलखतावर निसटला. ज्या माणसाच्या नावाने आपण गाडीवर भगवा लावतो त्याने श्रद्धा आणि लोखंड एकाच अंगावर, एकाच दिवशी घातलं. याच कोल्हापुरात हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समित्या होतात, मोर्चे निघतात. सक्तीच्या पद्धतीवर, दंडाच्या वसुलीवर, शहराच्या गल्लीबोळांतल्या वेगमर्यादेवर वाद घालता येतो, घालावाही. पण मोर्च्यात जे बोललं जातं त्यात एक सूर नेहमी असतो, कोल्हापूरकराला डोकं वाचवायला टोपडं लागत नाही. त्या सुराला मी विरोध करतो.

थोडं गणित. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. या वेगाने डोकं एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर आदळणं आणि सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, डोक्यावर पडणं यात फरक नाही. गच्चीच्या कठड्यावरून खाली उडी मार, तुला काय हुतंय, असं आपण पोराला म्हणत नाही. महामार्गाला लागताना मात्र म्हणतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं दिसलं. शंभर टक्के नाही, हे लक्षात घ्या. ‘मी टाळतो’ एवढंच हेल्मेट म्हणतं. ‘मी आहे तोवर काही होणार नाही’ हे फक्त हँडलचं लिंबू म्हणतं, आणि दर शनिवारी बदललं जातं.

राहिला साप. उसाच्या सरीत घोणस असते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात मण्यार येते, नाग आणि फुरसं आहेतच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, जवळजवळ निम्मी पावसाळ्यात. मांत्रिकाचं यश याच आकड्यांच्या आडोशाला वाढतं. गावात दिसणारे पुष्कळ साप बिनविषारी: धामण, दिवड, मण्यारीसारखा दिसणारा कवड्या. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी बरेच जण मुळात जगणारच होते. ते जगतात आणि मांत्रिकाची जाहिरात होते. जे मरतात, त्यांचं ‘उशिरा आणलं’ किंवा ‘वाटेत बाईमाणसाची सावली पडली’. पुन्हा तोच निकाल: मंत्र बरोबर, माणूस चूक.

‘डॉक्टरांकडे तरी कुठे सगळ्याचं उत्तर असतं?’ ही हरकत मी आदराने घेतो, कारण एके काळी ती खरी होती. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं जायची आणि दवाखान्याच्या हाती फारसं काही नव्हतं. महाडच्या हिंमतराव बावस्करांनी रुग्णाशेजारी रात्रीरात्री बसून पाहिलं, विष हृदयावर काय करतं ते टिपलं आणि रक्तदाबाचं एक साधं औषध, प्राझोसिन, कामी येतं हे दाखवलं. त्यांचं काम ऐंशीच्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये आलं. उत्तर नसताना ते शोधायला बसणं ही एक वाट, उत्तर नसताना पथ्य मोडल्याचा ठपका ठेवणं ही दुसरी. दोन्हींना ‘श्रद्धा’ म्हणून एका पारड्यात घालू नका.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप वा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं. दाभोलकरांचा खून झाल्यावर चारच दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला. कायदा हवाच. पण माझ्या बाजूच्या लोकांनाही थोडं ऐकवायला हवं. रात्री दोनला शेतातल्या वस्तीवर माणसाला साप चावतो, तेव्हा मांत्रिक चालत पाच मिनिटांवर असतो, दार उघडतो, रुग्णाचा हात हातात घेतो आणि ‘काय हुत न्हाई’ म्हणतो. आपण त्याच्या अज्ञानावर व्याख्यान देतो. तो तिथे हजर असतो एवढं मात्र विसरतो. आणि तो देतो त्या धीराला वैद्यकातही जागा आहे. दंश झालेल्याला घाबरवू नका, चालवू नका, चावलेला अवयव हलवू देऊ नका, हा प्रथमोपचारच आहे. तेव्हा उचगावच्या किंवा कुठल्याही गावच्या मांत्रिकाशी माझा एकच सौदा आहे. मंत्र जरूर म्हणा, हातही धरा, फक्त रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून, गाडीत बसून, आणि गाडी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या दिशेने निघालेली असताना.